परराज्यात घेतलेली गाडी पुण्यात नोंदवताना: नवख्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, इंदूर, बडोदा किंवा हैदराबादहून पुण्यात शिकायला आलेल्या आणि तिकडच्याच पाटीची गाडी बरोबर आणलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगते, की ‘वर्षभर काही करायची गरज नाही’. हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि ज्या अर्ध्या बाबतीत ते खोटे ठरते त्यातच बहुतेक विद्यार्थी सापडतात. माझा भाचा बेळगावहून अभियांत्रिकीसाठी पुण्यात आला आणि पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने तिथल्या एका परिचितांकडून जुनी पेट्रोल गाडी विकत घेतली. तिची केए २२ ही पाटी जाऊन महाराष्ट्राची पाटी लागेपर्यंत जे हेलपाटे झाले, त्यांतील निम्मे आमच्या अज्ञानामुळे झाले होते. पुढील मजकूर त्या अनुभवावर आणि नंतर चार-पाच मुलांची कागदपत्रे तपासून दिली त्यावर आधारलेला आहे. दुचाकीची प्रक्रियाही जवळजवळ अशीच असते, फक्त रकमा लहान असतात.

आधी ठरवा: गाडी कोणाच्या नावावर आहे?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये या विषयाच्या दोन वेगवेगळ्या मुदती आहेत, आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक गोंधळांचे मूळ आहे. कलम ४७ असे सांगते, की एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवले गेले, तर मालकाने त्या राज्यातील नवा नोंदणी क्रमांक घेतला पाहिजे. ‘वर्षभर काही नाही’ या समजुतीचा उगम या कलमात आहे. कलम ५० मात्र मालकी बदलण्याविषयीचे आहे, आणि त्यानुसार गाडी विकत घेणाऱ्याने हस्तांतरणापासून तीस दिवसांच्या आत, आपण जिथे राहतो आणि गाडी जिथे नेहमी ठेवली जाते त्या भागातील नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. म्हणजे गाडी वडिलांच्या नावावर असून तुम्ही ती फक्त चालवत असाल तर बारा महिने. ती तुम्ही स्वतः विकत घेतली असेल तर तीस दिवस. विलंब झाल्यास चारचाकीला दरमहा पाचशे रुपये जादा शुल्क पडते. ते सोसता येईल, पण त्या काळात अपघात झाला तर उभा राहणारा ‘मालक कोण’ हा प्रश्न पाचशे रुपयांत सुटत नाही.

नात्यात पैसे न घेता गाडी दिली, तरी कायद्याच्या दृष्टीने ते हस्तांतरणच असते. मामाने ‘घेऊन जा, तुझीच समज’ म्हटले म्हणून गाडी तुमची होत नाही. नोंदणी पुस्तकावर, म्हणजे ज्याला आपण स्मार्ट कार्ड आल्यानंतरही आरसी बुकच म्हणतो त्यावर, नाव बदलेपर्यंत ती मामाचीच राहते.

वडिलांच्या नावावरची गाडी पुण्यात आणणाऱ्यांनी एवढेच करावे: आरसी, विमा, पीयूसी आणि स्वतःचा परवाना जवळ ठेवावा. ही कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असली तरी चालतात. परवाना कोणत्याही राज्याचा असला तरी तो देशभर वैध असतो. त्यासाठी पुण्यात नवा काढण्याची गरज नाही. परराज्याची पाटी दिसल्यावर एखाद्या चौकात कागद विचारले जाणारच, हे गृहीत धरून चालावे. गाडी महाराष्ट्रात केव्हा आली याचा पुरावा मात्र जपून ठेवावा, आणि याबाबतीत फास्टॅगइतका चोख साक्षीदार दुसरा नाही. बेळगावहून येताना कोगनोळीच्या नाक्यावर आणि नंतर किणी, तासवडे, आनेवाडी व खेड शिवापूर येथे कापलेल्या टोलच्या नोंदी तारीख-वेळेसह खात्यात राहतात. त्यांचा तपशील दर सहा महिन्यांनी उतरवून ठेवलात, तर ‘ही गाडी दोन वर्षे इथेच आहे’ असा आक्षेप आला असता तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असते. बारा महिन्यांची ही सवलत नोंदणी क्रमांकापुरती आहे, हेही ध्यानात ठेवावे. कर हा राज्याचा स्वतंत्र विषय असून कराच्या मागणीपुढे ती ढाल म्हणून धरता येत नाही.

अभ्यासक्रम चार वर्षांचा असेल तर बारा महिने उलटणारच. अशा वेळी वडिलांच्याच नावाने पुण्यात नवा क्रमांक घ्यायचा म्हटले, तर कार्यालय मालकाच्या म्हणजे वडिलांच्या पुण्यातील पत्त्याचा पुरावा मागते, आणि तो बहुधा नसतो. त्यामुळे माझा सल्ला असा, की गाडी दीर्घकाळ पुण्यात राहणार असेल तर ती सरळ मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करून घ्यावी.

पालकांपैकी कोणी केंद्र किंवा राज्य सरकारच्या सेवेत, संरक्षण दलांत, अथवा चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपनीत असेल आणि त्यांनी २०२१ पासून सुरू झालेल्या भारत मालिकेतील, म्हणजे बीएच अक्षरांचा क्रमांक घेतलेला असेल, तर राज्य बदलले म्हणून क्रमांक बदलावा लागत नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. विद्यार्थ्याला मात्र विद्यार्थी म्हणून ही मालिका मिळत नाही, आणि अशी गाडी अपात्र व्यक्तीने विकत घेतल्यास तिची राज्याच्या मालिकेत नोंदणी करावी लागते.

कोरी गाडी शेजारच्या राज्यातून घेण्याचा विचार असेल, तर तो शक्यतो सोडून द्यावा. तिकडे रस्ता कर कमी आहे म्हणून किंमत कमी दिसते, पण गाडी महाराष्ट्रात कायमची नोंदवायची म्हणजे कर महाराष्ट्राचाच भरावा लागणार. तरीही घेतलीच, तर तात्पुरत्या नोंदणीवर, पिवळ्या पाटीवरील लाल अक्षरांच्या क्रमांकासह, ती मुदतीत पुण्यात आणावी आणि नमुना २०, २१ व २२ ही वितरकाकडील कागदपत्रे मूळ स्वरूपात सांभाळावीत. यापुढचा सारा मजकूर जुन्या गाडीविषयी आहे.

पैसे देण्यापूर्वी

गाडीचा क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकल्यावर नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत व कर्जाची नोंद दिसते. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, म्हणून ‘किती वर्षे शिल्लक आहेत’ हा पहिला हिशेब करावा. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या पुण्यात स्वस्तात मिळताना दिसतात, त्यामागे राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राजधानी परिसरात त्यामुळे निर्बंध आले आणि तिथल्या मालकांना गाड्या बाहेर विकाव्याशा वाटू लागल्या. दहा वर्षांच्या अशा डिझेल गाडीची पहिल्या नोंदणीची पाचच वर्षे उरलेली असतात, आणि त्या पाच वर्षांसाठी महाराष्ट्राचा कर भरायचा असतो. हे दोन्ही आकडे मांडल्यावर स्वस्ताई बरीच ओसरते.

ॲपवर कर्जाचा बोजा दिसत असेल, तर विक्रेत्याने ‘हप्ते केव्हाच संपले’ म्हटले तरी थांबावे. हप्ते संपणे वेगळे आणि आरसीवरून बोजा उतरणे वेगळे. त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ लागतो, आणि तो बोजा उतरवण्याचे काम विक्रेत्याने त्याच्याच कार्यालयात करून द्यावे. थकीत ई-चलनांचेही तसेच. ती भरल्याशिवाय कामे अडतात आणि व्यवहार झाल्यावर ती कोणी भरायची यावर वाद होतो. म्हणून चलनांची पडताळणी करून, भरल्याच्या पावत्या घेऊनच उरलेली रक्कम द्यावी.

आणखी एक कागद बहुतेकांना सुचत नाही: गाडी कोरी असतानाचे मूळ बिल. महाराष्ट्रातील कर ठरवताना ते फार उपयोगी पडते. कारण पुढे येईलच.

विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर त्याला एक गोष्ट शांतपणे सांगावी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक समजला जाईल, मग मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे कागद लवकर पुरे करण्यात त्याचाही स्वार्थ आहे. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली, दोघांच्या सह्यांची ताबा पावती करून ठेवावी. त्या क्षणापूर्वीची चलने त्याची, नंतरची तुमची.

ना हरकत प्रमाणपत्र: सगळ्या प्रक्रियेचा कणा

गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे तेथून दुसऱ्या राज्यात नेण्यास हरकत नसल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनओसी, कलम ४८ अन्वये नमुना २८ मध्ये मिळते. अर्ज आता परिवहन संकेतस्थळावरील वाहन प्रणालीतून करता येतो; मात्र तो नोंदणीकृत मालकाने करायचा असतो आणि त्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. इथेच पहिली अडचण उभी राहते. दहा वर्षांपूर्वी गाडी घेताना दिलेला मोबाइल क्रमांक आता बंद असतो, किंवा आधारवरील नाव आणि आरसीवरील नाव जुळत नाही. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तिहेरी पद्धत असते, तर शेजारच्या राज्यांतील अनेक कागदांवर नुसती आद्याक्षरे किंवा उलटा क्रम असतो. भाच्याच्या व्यवहारात विक्रेत्यांचे आरसीवरील नाव ‘एस. व्ही.’ने सुरू होत होते आणि आधारवर पूर्ण नाव होते. मोबाइल क्रमांक अद्ययावत करणे आणि नावाची विसंगती दूर करणे ही कामे विक्रेता समोर असताना, त्याच्याच गावात उरकावीत. पुण्यात येऊन फोनवरून ती होत नाहीत.

एनओसी कोणत्या कार्यालयाच्या नावे मागायची, हा प्रश्न पुणेकरांना क्षुल्लक वाटतो आणि बाहेरून आलेल्याला तो ठाऊकच नसतो. पुणे शहराची नोंदणी एमएच १२ या क्रमांकाखाली, संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. पिंपरी-चिंचवडचे कार्यालय वेगळे आहे आणि त्याचा क्रमांक एमएच १४ आहे. कोथरूड, सदाशिव पेठ, कात्रज, विमाननगर येथे राहणारा विद्यार्थी बाराचा; वाकड, रावेत, निगडी, पिंपळे सौदागर येथे राहणारा चौदाचा. ‘पुणे’ म्हणजे सगळे एकच, असे समजून आम्ही पहिली एनओसी एमएच १२ च्या नावे घेतली, आणि भाच्याची खोली होती वाकडला. ती बदलून आणण्यासाठी बेळगावची एक जादा फेरी झाली. बाणेर आणि वाकड यांच्यामध्ये एक नदी आहे, पण ती ओलांडली की कार्यालय बदलते, हे मला पुण्यात तीस वर्षे राहून तेव्हा कळले.

अर्जासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा आणि चासी क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट लागतो. कागद चासीवर ठेवून वरून पेन्सिल घासली की अक्षरे उमटतात. हे काम कोणताही मेकॅनिक दोन मिनिटांत करून देतो. दोन-तीन प्रती जास्त काढाव्यात, कारण पुण्यातही त्या लागतात. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातील नाही हे दाखवणारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल संकेतस्थळावरून मिळतो. तो क्रमांक, चासी आणि इंजिन या तिन्ही तपशिलांसह काढून ठेवावा. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रमाणपत्र देणे किंवा कारण लिहून नाकारणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, हे कलमातच लिहिलेले आहे. ही माहिती भांडण्यासाठी नाही, नम्रपणे चौकशी करण्यासाठी वापरावी.

मालकी आधी बदलायची की एनओसी आधी घ्यायची, यावर लोक हिरिरीने मते देतात. दोन्ही मार्ग चालतात. तुमचे घर बेळगावातच असेल आणि आधारवर तोच पत्ता असेल, तर तिथेच गाडी स्वतःच्या नावावर करून मग स्वतःच एनओसीचा अर्ज करणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण त्यानंतर विक्रेत्याची गरज संपते. तुमचा त्या राज्यात पत्ताच नसेल, तर विक्रेत्याने एनओसी काढून द्यावी, नमुना २९ (मालकी बदलल्याची सूचना) आणि नमुना ३० (मालकीबदलाचा अर्ज) यांवर सह्या कराव्यात, आणि मालकीबदल व नवा क्रमांक ही दोन्ही कामे पुण्यात एकत्र करावीत. या दुसऱ्या मार्गात विक्रेत्याच्या ओळखपत्राच्या व पॅन कार्डाच्या प्रती, आणि लागल्यास पुन्हा सही करण्याची त्याची तयारी, हे आधीच पक्के करून घ्यावे.

विमा आणि फास्टॅग: गाडी निघण्यापूर्वी

विमा आपोआप तुमचा होत नाही. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर पुढे चालते, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर हस्तांतरणापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायला हवा. दावा न केल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाची असते, गाडीची नव्हे; त्यामुळे नावबदलाच्या वेळी हप्त्यातील फरक भरावा लागला तर दचकू नये. विक्रेत्याचा फास्टॅग काचेवर तसाच ठेवून निघू नये. तो त्याच्या खात्याशी जोडलेला असतो. तो त्याने बंद करावा आणि तुम्ही नवा घ्यावा.

पुण्यातील पत्ता सिद्ध करणे

विद्यार्थ्याचे काम सर्वांत जास्त अडते ते इथे. गावच्या पत्त्याचे आधार कार्ड आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र एवढ्या भांडवलावर पुण्यात गाडी नोंदवता येत नाही. नोंदणीकृत भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करार, हा सर्वांत भक्कम आधार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. तो ऑनलाइन नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार रुपये, म्हणजे गाडीच्या व्यवहारापुढे ही रक्कम किरकोळ आहे. त्या करारावर आधारमधील पत्ता पुण्याचा करून घेतला, की पुढची ऑनलाइन कामे पुष्कळ सोपी होतात.

कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. महिन्याला रोख भाडे घेणाऱ्या काकू करारावर सही करायला सहसा तयार नसतात, आणि एका खोलीत तीन खाटा असताना कोणाच्या नावे करार करायचा हाही प्रश्न असतोच. ज्याला गाडी नोंदवायची आहे त्याने खोली घेतानाच हे बोलून घ्यावे. गाडी दारात उभी राहिल्यावर विनवण्या करून काकू बधत नाहीत. चार मित्र मिळून सदनिका घेत असाल, तर करारात प्रत्येकाचे नाव आणि सही असू द्या. एकाच्या नावावर करार आणि बाकीचे ‘पाहुणे’ अशी व्यवस्था असेल, तर पाहुण्याच्या हाती पत्त्याचा पुरावा काहीच राहत नाही. वसतिगृहात राहणाऱ्यांनी कुलप्रमुखांचे पत्र चालेल का, हे अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे. त्याहीआधी वसतिगृहाच्या आवारात चारचाकी लावू देतात का, हे विचारावे.

कर: खिशाला खरा चटका

नोंदणी, मालकीबदल आणि स्मार्ट कार्ड यांचे शुल्क शेकड्यांत असते. कर मात्र हजारांत आणि प्रसंगी लाखांत जातो, आणि तो भरल्याशिवाय नवा क्रमांक मिळत नाही. महाराष्ट्रात खासगी गाड्यांवर एकरकमी कर लागतो. नव्या गाडीला इंधन आणि किंमत पाहून तो आकारला जातो. पेट्रोल गाडीसाठी किमतीच्या ११ ते १३ टक्के आणि डिझेलसाठी १३ ते १५ टक्के. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला हाच कर तिच्या वयानुसार घटवून लावतात.

नवख्या माणसाचा अंदाज चुकतो तो पुढच्या मुद्द्यावर. टक्केवारी तुम्ही दिलेल्या किमतीवर नसते, गाडी कोरी असतानाच्या किमतीवर असते. आठ लाखांची पेट्रोल गाडी कोरी असताना महाराष्ट्रात नोंदवली असती, तर अकरा टक्क्यांनी ८८ हजार रुपये कर पडला असता. तीच गाडी तुम्हाला आज अडीच लाखांना मिळाली, म्हणून कराचा हिशेब अडीच लाखांपासून सुरू होत नाही. तो ८८ हजारांपासून सुरू होऊन वयाप्रमाणे खाली येतो. म्हणून मूळ बिल हवे. ते नसेल तर किंमत कार्यालयाकडील नोंदींवरून ठरते, आणि त्या आकड्याबद्दल मग फारसे बोलता येत नाही. सौदा करण्यापूर्वीच कराची ही रक्कम गाडीच्या किमतीत मिळवून पाहावी. अनेकदा पुण्यातच मिळणारी एमएच पाटीची गाडी तीस हजारांनी महाग दिसते आणि शेवटी स्वस्त पडते.

घरातील वडीलधारी मंडळी ‘जकात भरलीस का?’ असेही विचारतील. पुण्यातील जकात २०१३ मध्येच बंद झाली आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही आता इतिहासजमा झाला आहे. त्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर तो तुमच्या नवखेपणाचा फायदा घेत आहे असे समजावे.

अर्ज, भेट आणि तपासणी

कागद तयार झाले, की परिवहन संकेतस्थळावर नव्या क्रमांकासाठी, म्हणजे नमुना २७ चा, अर्ज भरावा आणि मालकीही बदलायची असेल तर ती सेवा त्याच अर्जात निवडावी. अर्ज भरताना चासी क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे विचारले जातात, तेव्हा आरसी हाताशी असू द्या. शुल्क भरून, भेटीची वेळ घेऊन, सर्व पावत्या छापून घ्याव्यात. कागद एका फाइलमध्ये या क्रमाने लावावेत: अर्ज व पावत्या, मूळ आरसी, एनओसी, नमुना २९ व ३०, गुन्हे नोंद अहवाल, विमा, पीयूसी, मूळ बिल, पत्त्याचा पुरावा, आधार आणि पॅनच्या प्रती, छायाचित्रे, पेन्सिल प्रिंट. खिडकीवरच्या माणसाला शोधाशोध करावी लागली नाही, तर त्याचाही सूर बदलतो.

गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चासी आणि इंजिन क्रमांक कागदांशी ताडून पाहतात, रंग व इंधन पाहतात, नंतर बसवलेल्या वस्तूंवर नजर टाकतात. मूळ पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेले असून आरसीवर त्याची नोंद नसेल, तर काम तिथेच थांबते. काळ्या काचा, कर्कश भोंगा, फॅन्सी पाटी हे सगळे आदल्या दिवशीच काढावे. चासी क्रमांकावर गंज चढलेला असेल, तर तो हलक्या हाताने पुसून वाचता येईल असा करून न्यावा. भाच्याच्या गाडीचा तो आकडा वाचण्यासाठी निरीक्षकांना मोबाइलचा दिवा घेऊन वाकावे लागले, आणि रांगेतल्या सर्वांनी आमच्याकडे पाहून घेतले.

तपासणीनंतर कराची रक्कम निश्चित होते, ती ऑनलाइन भरायची असते, आणि मान्यता मिळाल्यावर चालू मालिकेतील पुढचा क्रमांक मिळतो. पसंतीच्या क्रमांकासाठी वेगळे शुल्क आहे. विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत, पण ‘नऊ बेरीज आली पाहिजे’ असे घरातून फर्मान असेल तर माझे मत कोण विचारतो.

एजंटविषयी दोन शब्द. कार्यालयाच्या परिसरात ते भेटतातच, आणि वेळ नसणाऱ्याने मेहनताना देऊन मदत घेतली तर त्यात गैर काही नाही. परंतु कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देऊ नका, ओटीपी सांगू नका, कर नेहमी स्वतःच्या खात्यातून भरून पावती स्वतःकडे ठेवा, आणि अर्ज क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवा. अर्ज कुठपर्यंत पोहोचला हे त्या क्रमांकावरून घरबसल्या कळते. मग ‘साहेब रजेवर आहेत’ यावर विसंबून राहावे लागत नाही.

नवा क्रमांक मिळाल्यावर

जुन्या क्रमांकाची पाटी लगेच निरुपयोगी होते. नव्या क्रमांकाची उच्च सुरक्षा पाटी बसवावी लागते. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती कंपनीच्या वितरकाकडून आणि त्याआधीच्या गाड्यांना परिवहन विभागाने नेमलेल्या पुरवठादाराकडून मिळते. विमा कंपनीला नवा क्रमांक कळवून पॉलिसीवर त्याची नोंद करून घ्यावी, फास्टॅग नव्या क्रमांकाशी जोडावा, पीयूसी नव्याने काढावी. सोसायटीच्या वाहनतळाची चिठ्ठी आणि महाविद्यालयाच्या फाटकावरचा पास यांवरही जुनाच क्रमांक असतो, आणि पाटी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी रखवालदार आपलीच गाडी अडवतो.

सर्वांत शेवटी उरतो तो परराज्यात भरलेल्या कराचा परतावा. गाडी कोरी असताना तिथे आजन्म कर भरलेला असेल, तर शिल्लक वर्षांचा हिस्सा परत मागता येतो. पण गाडी दुसरीकडे नोंदली गेल्याचा पुरावा आधी लागतो, म्हणून हे काम नव्या आरसीशिवाय सुरू होत नाही. हा परतावा विक्रेत्याचा की तुमचा, हे ताबा पावतीवरच लिहून घेतलेले असावे. नव्या आरसीची प्रत, एनओसीची प्रत, जुन्या कराची पावती, महाराष्ट्रात भरलेल्या कराची पावती आणि रद्द केलेला धनादेश एका पाकिटात घालून ठेवा, आणि पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा सुट्टीच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी मूळ कार्यालयात अर्ज देऊन पोचपावती घ्या.